पार्श्वसंगीत कुठे थांबवायचं

पुणे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

वाडा सोडून जाणाऱ्या आजीवरची तुझी फिल्म दोनदा पाहिली. सोबतची आवडत्या पार्श्वसंगीतांची यादी वाचली आणि ‘काका, आता तुमची यादी द्या’ हा हट्टही पोचला. देतो. त्याआधी एक विचारतो. यादीतले बहुतेक स्कोअर तू सिनेमाबाहेरच ऐकले आहेस ना? हेडफोन लावून, बसमध्ये, रात्री झोपताना? ‘इंटरस्टेलर’च्या ऑर्गनबद्दल तू भरभरून लिहिलं आहेस. तो लंडनच्या टेंपल चर्चमधला आहे हेही तुला ठाऊक आहे. पण अवकाशात यानाची जोडणी फसून स्फोट होतो, त्याचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही आणि मग ऑर्गन चढत जातो, याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही. अल्बममध्ये ती शांतता सापडणार नाही. हे काम शिकायचं असेल तर संगीत चित्रासोबत ऐकायला हवं. कुठल्या फ्रेमवर सुरू झालं, कोणत्या वाक्याच्या खाली गेलं, कुठे सोडून दिलं, ते पाहायला हवं. माझी यादी बरीचशी या सोडून देण्यावरूनच झाली आहे.

सगळ्यात वर ‘पथेर पांचाली’, १९५५. त्यातला एकच प्रसंग घेतो. हरिहर बऱ्याच काळाने घरी परततो. मुलगी दुर्गा वारली हे त्याला माहीत नाही. वादळाने मोडून पडलेल्या घरापाशी तो बायकोला, सर्वजयाला, एकेक आणलेली वस्तू दाखवतो आणि दुर्गेसाठी घेतलेली साडी बाहेर काढतो. इतका वेळ गप्प असलेल्या सर्वजयाचा धीर तिथे सुटतो. ती आक्रोश करताना दिसते, पण तिचा आवाज येत नाही. त्या जागी वरच्या सप्तकात तारशहनाई येते, पटदीप रागात. हे इसराज या तंतुवाद्याला धातूचा कर्णा जोडलेलं, गजाने वाजवायचं वाद्य. दक्षिणामोहन ठाकुरांनी ते असं वाजवलंय की गळा कुठे संपला आणि तार कुठे सुरू झाली ते कळू नये. सत्यजित रेंनी बाईचं रडणं काढून टाकलं, हा निर्णय मला त्या सुरांइतकाच मोठा वाटतो. रडणंही ठेवलं असतं आणि वर वाद्यही, तर दोन्हींचा जोर गेला असता. आणि तुझ्या ‘ना वेळ, ना बजेट’ या तक्रारीसाठी मुद्दाम लिहितो: रविशंकरांनी या सिनेमाचं संगीत एका रात्रीच्या बैठकीत रेकॉर्ड केलं. सतारीचा थोडा भाग तर छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वाजवला आहे.

दुसरं नाव वाचून तू चमकशील. ‘कुंकू’, १९३७. त्याला पार्श्वसंगीतच नाही! आपल्या पुण्यातला सिनेमा हा, प्रभातचा. लॉ कॉलेज रोडवर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे प्रभातचा स्टुडिओ होता. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, पडद्यावर गाणं-वाजवणं ऐकायला लोक आसुसलेले, आणि दिग्दर्शक शांतारामबापू ठरवतात की प्रसंगात जो आवाज असेल तेवढाच वापरायचा. भिंतीवरचं घड्याळ, घरातली हालचाल, माणसांचं बोलणं. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या घरात वावरते तेव्हा घड्याळाची टिकटिक जे सांगते, ते दहा व्हायोलिनांना सांगता आलं नसतं. गाणी आहेत, तीही प्रसंगातून उगवतात. संगीतकार होते केशवराव भोळे. एका संगीतकाराने एवढा मोठा मोकळा भाग आपला म्हणून न भरता राहू दिला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढे त्याच आवारात भास्कर चंदावरकरांनी कित्येक वर्षं संगीत शिकवलं. त्यांचं संगीत असलेला ‘सामना’ यादीत हवाच. ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ तुला पाठ असेल, पण सबंध सिनेमा पाहिला नसशील, तर आधी तो पाहा.

संगीतकार बर्नार्ड हर्मनचा ‘सायको’ तुझ्या यादीतही आहे, म्हणून थोडक्यात. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी म्हणणं होतं. हर्मनने तरीही लिहिलं, तेही फक्त तंतुवाद्यांसाठी, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. पुढे १९६३ च्या ‘द बर्ड्स’मध्ये हाच हर्मन ध्वनीचा सल्लागार होता आणि तिथे नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहा.

‘शोले’तला माउथ ऑर्गन (वाजवणारे भानू गुप्ता, वादकांची नावं लक्षात ठेवत जा) मला फार जवळचा. जय पायरीवर बसून वाजवतोय, राधा वाड्यातले दिवे मालवत चाललीय. दोघांत एक शब्द होत नाही, आणि तरी त्यांची सगळी गोष्ट तेवढ्या सुरावटीत आहे.

आणि ‘सैराट’. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. विहिरीपासून उसाच्या फडापर्यंत आर्ची-परशाचं प्रेम त्या वाद्यमेळाने केवढं उंच नेलं! तू त्यावर थिएटरात नाचलाही असशील. मग शेवट आठव. ते लहान मूल दारातून बाहेर येतं, पावलं उमटत जातात, आणि तिथे काहीच वाजत नाही. एवढा ऑर्केस्ट्रा हाताशी असताना नागराज मंजुळेंनी तो तिथे आणला नाही. आधी भरभरून दिलेलं होतं, म्हणूनच ते रितेपण सहन होत नाही.

आता तुझी फिल्म. १८ मिनिटांत किमान १४ मिनिटं काहीतरी वाजतंय. एडिट करताना कुठला तरी परदेशी स्कोअर खाली लावून ठेवला होतास, आणि मग त्याच्यासारखंच काहीतरी केलंस, हे लगेच कळतं. तो तात्पुरता ट्रॅक टाइमलाइनवरून काढून टाक आणि आठवडाभर फिल्म नुसती पाहा. गच्चीवरच्या प्रसंगात लांबून नदीपात्रातल्या ढोलपथकाचा सराव ऐकू येत होता, रफ कटमध्ये होता तो. फायनलमध्ये तू तो साफ करून टाकलास. परत आण. आजीचं घर सुटतंय आणि गावात गणपतीची तयारी चाललीय, हे त्या ढोलामुळे आपोआप कळत होतं.

शेवटी आजी वाड्याच्या दाराची कडी लावते. कडी आधी अडकते, ती दार खांद्याने जरा रेटते, मग कडी बसते. तुझ्या माइकने तो आवाज सुरेख टिपलाय, लाकडाची कुरकुर आणि लोखंडाचा ठोका दोन्ही. नेमक्या त्याच जागी तू कॉम्प्युटरमधली, सॅम्पलची व्हायोलिनं चढवली आहेस. आजीचा चेहरा दिसत नाही, पाठच दिसते. त्या पाठीवर तुझा विश्वास बसला नाही, म्हणून तू आमच्या वतीने रडायला लागलास. माझ्या मते संगीत त्याआधीच, ती शेवटचं माजघर बघून वळते तिथे संपायला हवं. धून चांगली आहे तुझी, तिला दुसरी जागा आहे: ती एकटी डबे पुसत बसते तो प्रसंग. तिथे एकच वाद्य ठेव, आणि माणसाने वाजवलेलं. तुझा तो सारंगी शिकणारा मित्र आहे ना, त्याला विचार.

रविवारी सकाळी घरी ये. संवाद, इतर ध्वनी आणि संगीत यांचे ट्रॅक वेगवेगळे आण, एकत्र केलेल्या फाइलवर मला काही करून दाखवता येणार नाही. दुपारपर्यंत बसू. जेवायला इथेच थांब.

तुझा,
काका