पहिली पसंती, दुसरी पसंती आणि बाद होणारी मते

विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या मतदानाबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, आणि त्यांत महापालिकेचे नियम मिसळलेले असतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

फ्रान्समध्ये कुणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत तर दुसऱ्यांदा मतदान होते. नाशिक महापालिकेत का होत नाही? (सिडको)

कायद्यात तशी तरतूदच नाही. त्या जागेवर ज्याला सर्वांत जास्त मते, तो नगरसेवक. समान मते पडली तर चिठ्ठी टाकतात.

मग 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली तर? (पंचवटी)

राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे त्या जागेची फेरनिवडणूक होते. तिथेही नोटाच पुढे राहिला, तर उमेदवारांपैकी ज्याची मते जास्त तो निवडून येतो.

शिक्षक मतदारसंघात एका उमेदवाराचे कार्यकर्ते सांगत होते, 'फक्त १ लिहा. २ लिहिलेत तर आमचे मत कमी होते.' हे खरे आहे का? (येवला)

साफ खोटे. दर निवडणुकीत हे पसरवले जाते आणि शिकवणारी माणसेही त्यावर विश्वास ठेवतात, याचा मनापासून राग येतो.

या मतदारसंघांत उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे पसंतीचे क्रमांक लिहितात. मोजणी अशी होते. आधी वैध मते मोजतात. त्यांची निम्मी करून अपूर्णांक सोडतात आणि एक मिळवतात, हा कोटा. ६०,००० वैध मते असतील तर कोटा ३०,००१. पहिल्या पसंतीत तो कुणी गाठला की निकाल लागला, दुसऱ्या पसंतीकडे कुणी बघतही नाही. गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करतात आणि फक्त त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती पाहून त्या उरलेल्यांत वाटतात. मग पुन्हा सर्वांत खालचा, असे कोटा भरेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत चालते.

म्हणजे तुमचा १ क्रमांकाचा उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमच्या २ ला कुणी हात लावत नाही. तो बाद झाला तरच तुमचा २ कामी येतो. २ लिहिलाच नसेल तर तुमची मतपत्रिका तिथेच संपते आणि पुढचा निर्णय इतर मतदार घेतात. २०२४ मध्ये नाशिक शिक्षक मतदारसंघात २१ उमेदवार होते, पहिल्या पसंतीत कुणाचाच कोटा भरला नाही आणि पुढच्या पसंती मोजाव्या लागल्या. फ्रान्समधली दुसरी फेरी आपल्याकडे अशी एकाच कागदावर होते. पसंती किती द्यायच्या हा तुमचा अधिकार आहे. पण एकावरच थांबायचे असेल तर स्वतः ठरवून थांबा, मंडपातल्या माणसाच्या सांगण्यावरून नको.

स्वतःचे पेन चालते का? बरोबरची खूण केली तर? (गंगापूर रोड)

दोन्ही चालत नाही. केंद्रावर मिळणारा जांभळ्या शाईचा स्केच पेनच वापरायचा. नावासमोरच्या रकान्यात फक्त अंक लिहायचा, 'एक' असा शब्द नाही. सही, नाव, अंगठा काहीही उमटले तर मत बाद. १ कुठेच नसेल किंवा दोघांसमोर असेल तरीही बाद. १, २ आणि मग थेट ४ लिहिलेत तर पहिल्या दोन पसंती धरतात, ४ वाया जातो. देवनागरी १ चालतो. जरा जरी शंका आली तर अंक लिहिण्याआधी केंद्राध्यक्षांना विचारा.

२०२३ च्या पदवीधर यादीत माझे नाव होते. पुढच्या वेळी आपोआप येईल ना? (सिन्नर)

येणार नाही. विधानसभेची यादी वेगळी. ही यादी प्रत्येक निवडणुकीला कोरी करकरीत तयार होते. पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता ज्या तारखेला मोजतात तो दिवस, १ नोव्हेंबर. साधारण १ ऑक्टोबरला जाहीर सूचना निघते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्जांची मुख्य मुदत संपते. पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि राहण्याचा पुरावा सप्टेंबरमध्येच तयार ठेवा. दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्यांचीच नावे राहतात.

अर्ज विनामूल्य आहे. 'नाव लावून देतो' म्हणून पैसे घेणाऱ्या दुकानदाराला किंवा गठ्ठ्याने अर्ज गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याला कागद देऊ नका. गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारत नाहीत. संस्थाप्रमुखाने आपल्या कर्मचाऱ्यांचे किंवा घरातल्या एकाने घरच्यांचे अर्ज दिले तर चालते. अर्ज तहसील कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

मुलगी यंदा २०२६ मध्ये पदवीधर झाली. तिला पुढच्या वेळी मत देता येईल? (मनमाड)

बहुधा नाही. अर्हता दिनांकाआधी पदवीला तीन वर्षे पूर्ण हवीत. २०२३ नंतरची पुढची नियमित निवडणूक २०२९ च्या सुरुवातीला येते. तिचा अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०२८ धरला, तर पदवी १ नोव्हेंबर २०२५ पूर्वीची लागेल. जाहीर सूचना निघाली की तहसील कार्यालयातून खात्री करून घ्या.

अंक लिहिताना चूक झाली तर खोडून नीट करावे का? (नाशिकरोड)

खोडू नका. मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी केंद्राध्यक्षांकडे परत द्या आणि अनवधानाने खराब झाली असे सांगा. त्यांची खात्री पटली की ते ती रद्द करून दुसरी देतात.