मुंबई-गोवा विमान : तिकिटावरची वेळ कशी वाचावी

गोव्यात विमानतळ दोन, दाबोळी आणि मोपा. दाबोळी ते मुंबई सरळ हवाई अंतर साधारण 425 किलोमीटर, मोपाहून 385च्या आसपास. विमानाचा वेग ताशी 800 धरून अर्ध्या तासाचा हिशेब मांडू नकोस. तिकिटावर सव्वा तास असतो, आणि तो उगाच नाही. दार बंद होऊन विमान जागचं हलल्यापासून पलीकडे उभं राहीपर्यंतचा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, मुंबईवर घिरट्या, सगळं आलं. एवढ्याशा पल्ल्यात पूर्ण वेगाने उडायला मिळतं ते जेमतेम. रांग, घिरट्या कमी पडल्या की यातला वेळ उरतो, म्हणून दहा मिनिटं उशिरा निघालेलं विमानही कधी वेळेवर पोचतं.

तिकीट काढताना विमानतळाचा कोड मात्र नीट बघ: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्हींच्या मधलं हवाई अंतर चाळीसेक किलोमीटर, पण रस्त्याने दीड तास धर, पर्वरीत अडकलास तर जास्तच. तू म्हापशाचा, तुला मोपाच बरं. मडगावच्या मावशीला मात्र पाचशे रुपये वाचतात म्हणून मोपाचं तिकीट काढून देऊ नकोस. टॅक्सीतच त्याच्या कितीतरी पट जातील.