मीटिंगमध्ये मी गप्पच बसते

पत्र थोडं कापून देते आहे. क्लायंटचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी काढले आहेत. त्याबद्दल खाली सांगेनच.

«ताई, मी इचलकरंजीची. पप्पा यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. सांगलीत इंजिनीअरिंग केलं, आता एमबीएचं पहिलं वर्ष संपलंय. समर इंटर्नशिपला गुडगावच्या एका कन्सल्टिंग कंपनीत आलेय. आठ आठवड्यांपैकी पाच झाले. क्लायंट साबण-बिस्किटांसारखा रोजचा माल विकतो. छोटे डिस्ट्रिब्युटर बंद करून त्यांचे भाग मोठ्यांकडे सोपवायचे, असं प्रोजेक्ट आहे. मराठी येतं म्हणून मॅनेजरनं मला सातारा-कराड भागात नेलं. एक्सेलमध्ये ज्यांना मी लाल रंग दिला होता, म्हणजे 'बंद करायचे' असं ठरवलं होतं, त्यांच्याच गोडाऊनमध्ये बसून चहा प्यायले. मॅनेजर फोनवर बाहेर होते, तेव्हा एक काका म्हणाले, "माझे स्कीमचे पैसे सहा-सहा महिने कंपनीकडंच अडकलेत, पोरी." परत आल्यावर हे मी कुणालाच सांगितलं नाही. मिड-रिव्ह्यूमध्ये ऐकलं, काम चांगलंय पण मीटिंगमध्ये तुझा आवाज येत नाही. बाकीचे इंटर्न फाडफाड इंग्रजी बोलतात. पीपीओ (इंटर्नशिपवरूनच मिळणारी पक्क्या नोकरीची ऑफर) नाही मिळाला तर कर्जाचं काय, आणि मिळाला तर आयुष्यभर लोकांना लाल रंग देत बसायचं का? घरी सांगते, मस्त चाललंय.»

पोरी, तुझ्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाक्य तुझं नाही, त्या काकांचं आहे. इंग्रजी, पीपीओ, कर्ज यांच्याकडे येते, पण आधी ते.

स्कीमचे पैसे अडकतात म्हणजे काय, हे वाचकांसाठी सांगते. कंपनी जाहीर करते की दुकानदाराला दहा पेट्यांवर एक फुकट. ती फुकटची पेटी डिस्ट्रिब्युटर आपल्या मालातून देतो आणि कंपनीकडे क्लेम लावतो. तो मंजूर होईपर्यंत पैसे त्याचेच अडकलेले. मुदत संपलेला, फुटलेला माल परत घेतो, त्याचंही तेच. आता समजा एका एजन्सीत, म्हणजे एका डिस्ट्रिब्युटरच्या धंद्यात, वीस लाख गुंतलेत आणि वर्षाला सुटतात दोन लाख चाळीस हजार. परतावा १२ टक्के. तुमचा कट-ऑफ १४ असेल, तर एजन्सी लाल. पण त्या विसातले चार लाख जर कंपनीनंच थकवलेले असतील? ते वेळेवर मिळाले असते तर गुंतवणूक सोळा लाख आणि परतावा १५ टक्के. एजन्सी हिरवी. म्हणजे काकांचा धंदा वाईट नाही, कंपनीचा क्लेम विभाग संथ आहे. आणि तसं असेल तर तेच क्लेम उद्या मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडेही तुंबणार. एजन्सी बदलून क्लायंटचा काही फायदा होणार नाही.

हे तुला कळलं होतं, म्हणून तर ते वाक्य तुझ्या डोक्यातून जात नाही. मग बोलली का नाहीस? मला वाटतं, तुला ते ज्ञान वाटलंच नाही. पॉवर बीआयसारखं आकड्यांचं सॉफ्टवेअर आणि एक्सेलमधलं हिशोबाचं मॉडेल म्हणजे ज्ञान, आणि गोडाऊनमध्ये चहा पिताना मराठीत ऐकलेलं म्हणजे गप्पा, असं तू मनात धरलंस. ज्या घरात थकलेल्या मजुरीवर महिना ढकलला जातो, त्या घरातल्या मुलीला अडकलेल्या पैशांचा अर्थ सांगावा लागत नाही. फाडफाड बोलणाऱ्या त्या मुलांना कदाचित तो सांगावा लागेल. त्यांच्यात खोट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या टीममध्ये हे ऐकलेली तू एकटी आहेस. तू गप्प राहिलीस तर ते कुणालाच माहीत नसेल.

एक शंका तुझ्या मनात येईल : इंटर्ननं कामाची दिशाच चुकतेय असं कसं म्हणायचं? याच व्यवसायातल्या मॅकिन्सी या फर्मच्या लेखी मूल्यांमध्ये मतभेद नोंदवणं हे कर्तव्य सांगितलंय. परवानगी नव्हे, कर्तव्य, आणि त्यातून नवखा माणूस सुटत नाही. प्रत्यक्षात किती मॅनेजर ते मनापासून पाळतात हा वेगळा विषय. पण क्लायंट सल्ल्याचे पैसे मोजतो, ते त्याला न दिसणारं दिसावं म्हणून. हे सांगणं म्हणजे आगाऊपणा नाही, तुझं कामच आहे.

मात्र उद्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून सांगू नकोस. एका काकांचं म्हणणं हा पुरावा नव्हे, तो धागा आहे. आधी मॉडेल उघड आणि गुंतवणुकीच्या सूत्रात प्रलंबित क्लेम धरलेत का ते बघ. धरले नसतील तर वरचा माझा हिशोब तुमच्याकडे लागू होत नाही आणि तू शांत झोपू शकतेस. धरले असतील तर क्लायंटच्या फायनान्सकडून लाल एजन्सींची क्लेमची यादी माग, कोणता किती महिन्यांचा आहे यासकट. ते वजा करून परतावा पुन्हा काढ. किती लाल एजन्सींचा रंग बदलतो, तो आकडा तुझा. तो घेऊन मॅनेजरकडे एकटीच जा, पंधरा मिनिटं माग. मीटिंगआधी संबंधितांना एकेकटं गाठून कल्पना देण्याला तुमच्या धंद्यात प्री-वायर म्हणतात. मोठे पार्टनरही तेच करतात, त्यात लपवाछपवी काही नाही. आणि एक प्रश्न जोडून विचार : एजन्सी काढून घेतली तर बाजारातली उधारी कोण वसूल करणार? दुकानदार जुन्याचे पैसे देईना आणि नवा उधार देईना, असे काही महिने गेले तर विक्रीचं काय होईल, हे मॉडेलमध्ये आहे का?

आता बोलण्याचं. तुझी अडचण इंग्रजीपेक्षा क्रमाची आहे असं मला वाटतं. इंजिनीअरिंगच्या पेपरात आपण दिलेली माहिती लिहितो, मग सूत्र, मग किमती घालतो आणि शेवटी उत्तराखाली दोन रेघा. मीटिंगमध्ये तसं सांगायला गेलीस तर सूत्रापर्यंत पोचायच्या आत विषय बदललेला असतो. बार्बरा मिंटो १९६३ मध्ये मॅकिन्सीत लागल्या, तिथे एमबीए होऊन आलेल्या त्या पहिल्या महिला सल्लागार. उत्तर आधी, त्याची दोन-तीन कारणं मग, आकडे सगळ्यात खाली, ही मांडणी त्यांनी त्या जगाला शिकवली आणि आज ती सगळीकडे चालते. तुझं पहिलं वाक्य असं असेल : लाल एजन्सींपैकी इतक्या एजन्सी आपल्या क्लायंटच्याच थकबाकीमुळे लाल आहेत. एवढं इंग्रजी तुला नक्की येतं. ते लिहून काढ, मोठ्यानं म्हण. मॅनेजरला आधीच सांग, ही स्लाइड मीच मांडणार. जिची स्लाइड, तिनं बोलायचं, ही पद्धत तुला सोयीची आहे. मध्येच कुणाचं वाक्य तोडून घुसावं लागत नाही. रिव्ह्यूमध्ये जे मागितलंय, त्याचं उत्तरही यातच आहे.

मॅनेजर नाही म्हणाला तर? म्हणू शकतो. क्लायंटनं निर्णय आधीच घेतलेला असेल, तुम्हाला फक्त शिक्का मारायला बोलावलं असेल, असंही घडतं. तरी तुझं काम तू केलेलं असेल. तो काय म्हणाला आणि कसं म्हणाला, ते मात्र नीट लक्षात ठेव, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथून मिळणार आहे. हेच काम करायचं का, हे तू आज भीतीनं ठरवते आहेस. जिथे नवख्या मुलीनं आणलेला पुरावा उघडून बघतात, तिथे दोन-तीन वर्षं काढण्यासारखी आहेत, रात्री एकपर्यंत जागावं लागलं तरी. जिथे बघतच नाहीत, तिथला पगार मोठा असला तरी तुझ्यासारख्या मुलीचं मन रमणार नाही. लाल रंग देणं वाईट नाही, बुडणारा धंदा कुणीतरी बुडतोय म्हणायलाच हवा. काकांना न विचारता तो देणं मात्र मला पटत नाही.

कर्जाचं थोडक्यात. बहुतेक बँकांच्या शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चढत असतं. मंजुरीपत्र काढून तुझी मुदत बघ. पीपीओ हुकला तर दुसऱ्या वर्षीच्या अंतिम प्लेसमेंटला बसता येतं. मिळाला आणि नाकारला तर काय, याचे नियम संस्थेगणिक वेगळे, ते प्लेसमेंट कमिटीकडून आत्ताच लेखी घे. ऑफर आली की त्याच दिवशी हो म्हणायची गरज नसते, उत्तराची मुदत असते.

आणि क्लायंटचं नाव. ते मला लिहायला नको होतंस. तू गोपनीयतेच्या करारावर सही केली असणार. शीट स्वतःच्या ईमेलवर पाठवू नकोस, बाहेरच्या चॅटबॉटमध्ये आकडे टाकू नकोस, होस्टेलच्या ग्रुपवर किस्से नकोत. पप्पांशी मात्र बोल. नावं न घेता अडकलेल्या पैशांचं कोडं त्यांना घाल, त्यांना ते तुझ्या मॅनेजरपेक्षा लवकर सुटेल. 'मस्त चाललंय' ऐकून त्यांना कळतंच, काहीतरी लपवतेय म्हणून.

दोन आठवडे हातात असतील हे वाचशील तेव्हा. क्लेमची यादी मागवायला वेळ लागतो, सोमवारी सकाळीच मेल टाक.

– ताई