वाचकांचे प्रश्न : सकाळचा पहिला रिव्हर्स

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी ९ वर्षांची असून ८६,००० किलोमीटर चालली आहे. गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत पुढे पोहोचवणारा), ६ गिअरचा आहे. आमच्या सोसायटीत गाडी भिंतीकडे तोंड करून लावावी लागते. गेले दोन महिने सकाळी ‘आर’मध्ये टाकल्यावर तीन-चार सेकंद काहीच होत नाही आणि मग गाडी धक्का देऊन मागे येते. पुढे मात्र ती उत्तम चालते, सिंहगड रस्त्याच्या गर्दीतही तक्रार नाही. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करावा लागेल असे सांगून ८०,००० रुपयांचा अंदाज दिला. दुसऱ्याने फक्त ऑइल बदला म्हटले. आमचे एक परिचित सांगतात की जुन्या गिअरबॉक्समध्ये नवे ऑइल घातले की तो कायमचा बसतो. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : तूर्त कोणाचेच ऐकू नका, तिघांनीही दुखणे ओळखण्याआधी औषध सांगितले आहे. आपल्या पत्रात मला सर्वांत मोलाची वाटली ती भिंतीकडे तोंड करून लावलेली गाडी. याचा अर्थ असा, की रात्रभर थंड झालेल्या गिअरबॉक्सला रोज सकाळी पहिला हुकूम मिळतो तो रिव्हर्सचाच, आणि ‘डी’ची पाळी येते तोवर पंपाने ऑइल सगळीकडे पोहोचवलेले असते. तेव्हा ‘पुढे उत्तम चालते’ हे आपले म्हणणे खरे असले, तरी थंड गाडीत ‘डी’ लगेच पडतो की नाही हे आपण अजून पाहिलेलेच नाही.

म्हणून एका रात्री गाडी उलटी लावा. सकाळी इंजिन सुरू करून, हँडब्रेक ओढून आणि ब्रेकवर पाय घट्ट ठेवून ‘एन’मधून ‘डी’ टाका आणि गिअरने पकड घेतल्याचा हलका हिसका जाणवेपर्यंत सेकंद मोजा. निरोगी गिअरबॉक्समध्ये साधारण एका सेकंदात हे घडते. ‘डी’लाही तितकाच वेळ लागला, तर दोष एकट्या रिव्हर्सचा नाही, ऑइलची पातळी कमी असणे, फिल्टर चोंदणे किंवा उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधले ऑइल रात्रभरात खाली उतरून जाणे, अशा सर्वांना सामाईक कारणांकडे आधी पाहावे लागेल. ‘डी’ चटकन पडला आणि त्यानंतर टाकलेला ‘आर’ मात्र रेंगाळला, तर शोध रिव्हर्सच्या स्वतःच्या क्लचपुरता, ब्रेकपुरता (चाकांचा नव्हे, गिअरबॉक्सच्या आतला भाग धरून ठेवणारा) आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या ऑइलच्या मार्गापुरता उरतो.

त्याच वेळी डॅशबोर्डकडेही लक्ष असू द्या. ‘आर’ टाकताक्षणी मागचा पांढरा दिवा लागला आणि कॅमेऱ्याचे चित्र आले, तर लिव्हरचा निरोप सेन्सरपर्यंत वेळेत गेला आहे आणि विलंब बहुधा पुढे, ऑइलच्या दाबात आहे. चित्रही उशिरा येत असेल, तर लिव्हरची केबल सैल झाली आहे का किंवा गिअर ओळखणारा स्विच खराब झाला आहे का, हे आधी तपासायला सांगा. ते काम गिअरबॉक्स न उतरवता होते.

रिव्हर्सच आधी का कुरकुरतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. मागे जाताना गिअरबॉक्सला मोठा भार पेलावा लागतो, म्हणून अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्ससाठी ऑइलचा दाब ‘डी’पेक्षा बराच वाढवलेला असतो. वयाने कडक झालेले रबरी सील पुढच्या गिअरमध्ये निभावून नेतात, पण वाढलेल्या दाबाखाली गळू लागतात; ऑइल तापून सील जरा मऊ झाले की तीच गाडी दुपारी शहाण्यासारखी वागते. शिवाय, अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला लागणारा एक ब्रेक हाताने निवडलेल्या पहिल्या गिअरलाही लागतो, मात्र ‘डी’मधल्या पहिल्या गिअरचे त्याच्यावाचून भागते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आसपास मॅन्युअलचा पहिला गिअर ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. इंजिनाने गाडी ओढून धरली, तर तो ब्रेक बहुधा शाबूत आहे. न्यूट्रलमध्ये असल्यासारखी ती घरंगळत राहिली, तर संशय त्याच्यावरच जातो.

आता ऑइलविषयी. पातळी ठीक आहे असे गॅरेजवाले म्हणाले, तर ती कोणत्या तापमानाला पाहिली हे विचारा, कारण डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवून, ऑइल कंपनीने ठरवलेल्या तापमानाला आले असताना, तपासणीच्या प्लगमधून पातळी पाहायची असते आणि थंड ऑइलवर केलेले माप चुकते. थोडे ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या. ते तपकिरी असले तरी जळका वास नसेल, तर कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचे ऑइल घालणे योग्य ठरेल. ड्रेन प्लगमधून एका वेळी सगळे निघत नाही, काही कन्व्हर्टरमध्ये राहते, म्हणून थोड्या दिवसांनी पुन्हा बदलावे. ते काळे पडले असेल, जळका वास येत असेल आणि बोटांना कणी लागत असेल, तर क्लच प्लेटा झिजल्या आहेत आणि त्यावर नव्या ऑइलचा उपाय नाही. आपल्या परिचितांचा समज याच प्रकरणांतून आला असावा : आधीच झिजलेला गिअरबॉक्स ऑइल बदलल्यानंतर बसतो आणि आळ ऑइलवर येतो.

एवढे झाल्यावरही दोष रिव्हर्सकडेच बोट दाखवत असेल, तर स्कॅनरवरचे कोड आणि ‘आर’मध्ये गेजवर घेतलेला ऑइलचा दाब, दोन्ही कागदावर लिहून मागा. दाब पुरेसा असूनही पकड येत नसेल, तर सील किंवा प्लेटांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दाबच कमी असेल, तर आधी पंप आणि वॉल्व्ह बॉडी (ऑइल त्या त्या गिअरकडे वळवणारी झडपांची पेटी) पाहिली पाहिजे, जी अनेक गाड्यांत खालचे तेलपात्र काढून हाताला येते. ही नोंद न देता ८०,००० रुपयांचा आकडा सांगणाऱ्याला गाडी सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रिव्हर्स पडत नाही म्हणून रेस वाढवत राहणे मात्र आजपासून बंद करा. त्या तीन सेकंदांत घसरणाऱ्या प्लेटा जळतात.

प्रश्न : माझ्या एएमटी गाडीत कधी कधी ‘आर’ अक्षर नुसते लुकलुकते आणि गिअर पडत नाही. हाही ऑइलचाच दोष का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम ॲक्चुएटर करतो. रिव्हर्सचे दाते कधी दात्यांवर अडतात. गाडी पूर्ण थांबवून, ब्रेक दाबून ‘एन’मध्ये आणा, दोन सेकंद थांबून पुन्हा ‘आर’ टाका. हे आठवड्यात एकदाच घडत असेल, तर काळजी नाही. रोज घडत असेल, तर क्लचची झीज, ॲक्चुएटर आणि ब्रेकचा स्विच हे स्कॅनर लावून तपासून घ्या.