मी २० वर्षांचा, अविवाहित, नाशिकला शिकतो. आईकडे ग्रीन कार्ड आहे, मामा अमेरिकन नागरिक आहेत. मला कोण स्पॉन्सर करू शकेल?

मामा नाही, आई. अमेरिकेच्या कायद्यात भाच्यासाठी अर्ज करायची सोयच नाही. मामा फार तर स्वतःच्या बहीण-भावांसाठी अर्ज करू शकतात, आणि त्या रांगेत (तिला एफ-४ म्हणतात) भारतीयांना पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं.

आईंनी आय-१३०, म्हणजे नातेवाईकाला स्पॉन्सर करायचा अर्ज, लगेच भरावा. अगदी याच आठवड्यात, कारण तुमचा एकविसावा वाढदिवस जवळ आलाय. २१ च्या आत तुम्ही एफ-२ए गटात, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या लहान अविवाहित मुलांच्या रांगेत येता. त्यानंतर एफ-२बी, म्हणजे २१ वरच्या अविवाहित मुलांची रांग, आणि ती कित्येक वर्षं लांब आहे. २००२ चा सीएसपीए कायदा (रांगेत थांबताना वय वाढून मुलांचा हक्क जाऊ नये यासाठीचा) इथे थोडा आधार देतो: नंबर लागतो त्या दिवशीच्या वयातून अर्ज मंजुरीसाठी पडून राहिलेला काळ वजा होतो. समजा तेव्हा तुम्ही २१ वर्षं ८ महिन्यांचे असाल आणि अर्ज १० महिने पडून होता, तर कायद्याच्या लेखी तुमचं वय २० वर्षं १० महिने. मात्र नंबर लागल्यापासून वर्षभरात पुढची प्रक्रिया सुरू करायलाच हवी.

अर्ज दाखल असताना, तुम्ही २१ चे व्हायच्या आत आई नागरिक झाल्या तर उत्तमच. वय तिथेच गोठतं, रांगही नाही.

आणि कळकळीने सांगतो, मधल्या काळात लग्न करू नका. साखरपुडा चालेल, पण नुसतं नोंदणी लग्न केलंत तरी ग्रीन कार्डधारक आईचा अर्ज रद्द होतो.