सुई जवळ आली की डोळ्यांपुढे अंधारी

प्रश्न : ताई, मी ट्रान्समॅन आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष, वय २४, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. पुण्याच्या डॉक्टरांनी सस्टॅनॉन २५० हे टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी हार्मोनचं) इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी लिहून दिलंय. आधी गावातल्या दवाखान्यात घ्यायचो, पण तिथला कंपाउंडर दर वेळी सगळ्यांसमोर विचारतो, हे कसलं इंजेक्शन, तुला कशाला लागतं, मला ते नको झालंय. म्हणून डॉक्टरांनी मांडीत स्वतः घ्यायला शिकवलं, सिस्टरनी समोर बसवून करून घेतलं तेव्हा जमलं पण. घरी मात्र सुई मांडीजवळ नेली की कानात सूं होतं, घाम फुटतो, मागच्या वेळी तर सरळ खाली पडलो. मित्र म्हणतात पुरुष व्हायचंय आणि सुईला घाबरतोस? मोठा श्वास घे, अंग सैल सोड, सगळं करून झालं. डोस लांबलाय, काय करू?

उत्तर : आधी त्या मित्रांचं बोलणं डोक्यातून काढून टाक. तू पुरुष आहेसच, त्यासाठी सुईची परीक्षा द्यावी लागत नाही. गणपतीत मंडळाचं रक्तदान शिबिर असतं ना, तिथल्या सिस्टरना विचार, तालमीतली धट्टीकट्टी पोरं सुई बघून कशी आडवी होतात ते त्या सांगतील.

आता मुद्द्याचं. कुत्रा अंगावर आला की आपलं बीपी वाढतं, छाती धडधडते, पण आपण बेशुद्ध पडत नाही. सुई आणि रक्ताच्या भीतीत वेगळंच होतं, बीपी आधी वाढतं आणि मग एकदम खाली येतं, हृदयाचे ठोके मंदावतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. हे शरीर आपोआप करतं, तुझ्या हिमतीचा यात काही संबंध नाही, आणि बरेचदा हे घराण्यातच असतं, घरी विचारून बघ, मामाला नाहीतर आजोबांना असंच व्हायचं असं निघेल कदाचित. म्हणूनच "अंग सैल सोड" हा सल्ला तुझ्यासाठी उलटा पडतो, बीपी आधीच घसरतंय आणि तू ते अजून घसरवतोयस.

तुला करायचंय ते बरोबर याच्या विरुद्ध. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात सुई-रक्ताच्या भीतीसाठीच ही पद्धत बसवली. बसून दोन्ही हातांच्या मुठी, दंड, पोट, पाय सगळं घट्ट आवळायचं, १० ते १५ सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग सोडायचं, पण पूर्ण ढिलं नाही, नेहमीसारखं. २०-३० सेकंद थांबून परत. असं पाच वेळा. आधी आठवडाभर रोज दोन-तीनदा सुईशिवायच कर, म्हणजे गरज पडेल तेव्हा आपोआप येईल. प्रत्यक्ष घेताना ज्या मांडीत टोचायचंय ती तेवढी सैल ठेव, आवळलेल्या स्नायूत जास्त दुखतं, बाकी दुसरा पाय आणि पोट आवळलेलं चालेल.

आणि एक, जे सहसा कुणी सांगत नाही. बायंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालतात तो घट्ट कपडा) घालत असशील तर त्या वेळी काढून ठेव, सैल शर्ट घाल. छाती आवळलेली असताना घाबरलं की श्वास वरच्यावर आणि भराभर होतो, त्यानेच निम्मी चक्कर येते. स्वतःच्या शरीराकडे बघायला त्रास होतो हे मला माहितीये, आपल्यातल्या बऱ्याच जणांना सुईपेक्षा तेच जास्त जड जातं, त्यामुळे मांडीचा लागेल तेवढाच भाग उघडा ठेव, बाकी चादर घे. उपाशीपोटी बसू नकोस, पाणी पी. खुर्चीवर नको, पलंगावर भिंतीला टेकून पाय पसरून बस, म्हणजे घेरी आली तरी पडणार नाहीस. पहिल्या काही वेळा घरात कुणीतरी असू दे.

एकदम खऱ्या डोसवर उडी मारू नकोस. आधी नुसती पाकिटातली सिरिंज समोर ठेव, मग टोपण लावलेली सुई हातात घे, मग सुई न लावलेली सिरिंज मांडीला टेकव, मग उघडी सुई बघ. प्रत्येक पायरीला कानात सूं व्हायला लागलं की आवळायला सुरुवात कर आणि ते ओसरल्यावरच उठ. मध्येच पळून गेलास की भीती पुढच्या वेळी अजून मोठी होऊन बसते.

सुईचंही बघू. सस्टॅनॉन शेंगदाण्याच्या तेलात असतं (शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर हे औषध नकोच, डॉक्टरांना लगेच सांग), तेल घट्ट, म्हणून औषध ओढायला जाड सुई लागते, १८ किंवा २१ नंबरची. टोचायला मात्र नवी बारीक सुई लावायची, २३ किंवा २५, नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. किती लांब ते डॉक्टर तुझ्या मांडीवरून सांगतील. मेडिकलवाला एकच सुई हातात देतो आणि लोक त्याच जाड सुईने टोचून घेतात, मग का नाही भीती वाटणार! अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, मुठीत थोडी गरम कर, तेल सरसर येतं. कुपीची मान तोडताना कापूस गुंडाळून अंगापासून लांबच्या दिशेला मोड. टोचायची जागा म्हणजे मांडीचे वरून खाली तीन सारखे भाग केले तर मधल्या भागाची बाहेरची बाजू. स्पिरिट पूर्ण वाळू दे, ओलं असताना टोचलं की झोंबतं. सुई झटकन आत, औषध सावकाश. तासभर आधी लिग्नोकेन-प्रायलोकेनचं क्रीम लावलंस तर कातडी बधिर होते, आतला स्नायू नाही, पण तुझी भीती कातडीपाशीच आहे.

लांबलेल्या डोसबद्दल डॉक्टरांना फोन कर, आपल्या मनाने डबल घेऊ नकोस. थोड्या उशिराने आवाज काही परत बारीक होत नाही, घाबरू नकोस. हा एक डोस दुसऱ्या दवाखान्यात घे. आणि त्या कंपाउंडरचं म्हणशील तर २०१९च्या ट्रान्सजेंडर कायद्यात आरोग्यसेवेत अन्यायाची वागणूक द्यायला मनाई आहे, तिथल्या डॉक्टरांना एकटं गाठून हे नक्की सांग.

एवढं करूनही नाहीच जमलं तर स्वतः टोचून घ्यायची सक्ती कुणाचीच नाही. १००० मिलिग्रॅमचं टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट १० ते १४ आठवड्यांनी एकदा मिळतं, ४ मिली असतं आणि फार सावकाश द्यावं लागतं म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं. जेलही आहे, रोज लावायची, फक्त घरातल्या लहान मुलांच्या अंगाला लागता कामा नये.

प्रश्न : माझ्या मुलाला टीचं (टेस्टोस्टेरॉनचं) इंजेक्शन मीच देते, शिकून घेतलंय. वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकायला जीव होत नाही. काय करावं?

उत्तर : काकू, तुम्ही शिकलात हे वाचून खूप बरं वाटलं. घंटागाडीत नकोच, सफाई कामगारांच्या हाताला लागतात. फिनेलची नाहीतर डिटर्जंटची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, वर "वापरलेल्या सुया" लिहा, टोचून झाल्या झाल्या सुई टोपण न लावता थेट तिच्यात टाका, टोपण लावतानाच जास्त करून बोटाला टोचते. अँप्यूलची काचही त्यातच. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून तुमच्या डॉक्टरांकडे किंवा हॉस्पिटलमध्ये नेऊन द्या, २०१६च्या नियमांप्रमाणे त्यांच्याकडे सुयांसाठी पांढरा न टोचणारा डबा असतो, घेतात का ते आधी फोनवर विचारा. चुकून बोटाला लागलीच तर पिळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.