शाळेतला 'पॉप्युलर' मुलगा लोकप्रिय असतो का?

'प्रिटी इन पिंक' या १९८६ सालच्या अमेरिकी चित्रपटावर मराठीत लिहिताना 'पॉप्युलर'साठी 'लोकप्रिय' म्हटलेले चालेल का, आणि 'क्लास'साठी 'वर्ग' वापरल्यास वाचकाचा घोटाळा होईल का, असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे. माझ्या मते पहिला शब्द इथे चुकीचा आहे आणि दुसरा अपुरा आहे.

'लोकप्रिय' या समासाचा विग्रह 'लोकांना प्रिय' असा होतो आणि मराठीने हा अर्थ अजून झिजू दिलेला नाही. लोकप्रिय शिक्षक, लोकप्रिय गायिका, लोकप्रिय मालिका असे आपण म्हणतो, तेव्हा ती व्यक्ती किंवा वस्तू पुष्कळांना मनापासून आवडते हे त्यात गृहीत असते. (चौकातल्या फलकांवरचे 'लोकप्रिय आमदार' सोडून द्यावेत, तिथे विशेषण स्वखर्चाने लावलेले असते.) अमेरिकी हायस्कुलातला 'पॉप्युलर' मात्र आवडता असेलच असे नाही. ज्याच्या कंपूत आपल्याला शिरकाव मिळावा असे इतरांना वाटते, ज्याच्या कपड्यांवरून आणि गाडीवरून बाकीचे स्वतःला मापतात, तो पॉप्युलर. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी इलिनॉय राज्यातल्या दहा हायस्कुलांचा अभ्यास करून १९६१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांमधल्या अशा अग्रेसर घोळक्याचा आणि त्यात प्रवेश कशाच्या जोरावर मिळतो याचा विचार आहे. पुढे मानसशास्त्रज्ञांनीही 'तुला कोण आवडते' आणि 'तुमच्यात पॉप्युलर कोण' हे दोन प्रश्न मुलांना वेगवेगळे विचारले, तेव्हा दोन्हींची उत्तरे पूर्णपणे जुळली नाहीत.

चित्रपटात हा फरक ढळढळीत दिसतो. जेम्स स्पेडरने रंगवलेला स्टेफ हा शाळेतल्या श्रीमंत टोळक्याचा म्होरक्या आहे. तो उद्धट आहे, कंटाळलेला आहे आणि त्याच्याविषयी कुणाला माया वाटते असे कुठेही दिसत नाही, तरी ब्लेनसारखा बऱ्या मनाचा श्रीमंत मुलगा, म्हणजे गरीब घरातल्या नायिका अँडीचा प्रियकर, त्याच्या शब्दाला वचकून असतो. त्याला 'लोकप्रिय' म्हणणे म्हणजे मराठी वाचकाची दिशाभूल करणे होय. उलट जॉन क्रायरने केलेला डकी, म्हणजे अँडीचा बालमित्र, शाळेत कुणाच्या खिजगणतीत नाही. प्रेक्षकांना मात्र तो फार आवडला. म्हणजे खऱ्या अर्थाने लोकप्रिय ठरला तो डकी, आणि पॉप्युलर राहिला तो स्टेफ.

मग स्टेफसाठी कोणता शब्द घ्यावा? माझी पसंती 'वट' या शब्दाला आहे. 'कॉलेजात त्याची वट आहे' या वाक्यात तो मुलगा चांगला की वाईट, आवडता की नावडता, यावर काहीच भाष्य नाही, केवळ त्याचे चालते एवढेच सांगितलेले आहे. 'प्रस्थ' हा शब्द अर्थाने जवळचा असला तरी तो कारखान्याच्या अध्यक्षांना शोभतो, सतरा वर्षांच्या मुलाला तो वयाने मोठा होतो. 'वट' बोलीतला असल्याने औपचारिक लेखात खटकेल अशी शंका येईल. तिथे 'शाळेत ज्यांची चलती आहे अशी मुले' असे सरळ लिहावे. 'भाव' हा शब्दही हाताशी ठेवावा, कारण कथेचे सारे चाक त्याच्यावर फिरते. स्टेफ अँडीच्या मागे लागतो, ती त्याला भाव देत नाही, आणि तो अपमान गिळता न आल्यामुळे तो ब्लेनचे मन तिच्याविरुद्ध कलुषित करतो. वर कारण सांगताना तिची पायरी दाखवतो.

आता 'क्लास'. 'वर्ग' या शब्दात शाळेची खोली आणि समाजाचा थर हे दोन्ही अर्थ असल्यामुळे 'अँडी आणि ब्लेन यांचा वर्ग वेगळा आहे' असे वाक्य लिहिले, तर एक नववी अ मध्ये आणि दुसरा नववी ब मध्ये असावा असे वाटेल. 'वर्गभेद' म्हटल्याने हा घोटाळा टळतो, पण वाक्याला चळवळीच्या पत्रकाचा वास येतो. मराठी घरांत यासाठी रोज वापरला जाणारा शब्द 'परिस्थिती' हा आहे. 'मुलगी हुशार आहे, पण घरची परिस्थिती बेताची' एवढे म्हटले की आणखी काही सांगावे लागत नाही. चित्रपटात ब्लेन तिला घरी सोडायला निघतो, तेव्हा आपण कुठे राहतो हे त्याने पाहू नये म्हणून अँडी रडवेली होऊन विरोध करते. या प्रसंगात ती ज्याची लाज बाळगते ती परिस्थितीच आहे. श्रीमंत मुलांना चित्रपटात 'रिची' असे हिणवतात. त्याला 'बड्या घरची पोरे' हा प्रतिशब्द चपखल बसतो, त्यातली कुचकट छटाही टिकते.

इंग्रजीत गरीब वस्तीला 'रेल्वेरुळांपलीकडची' म्हणण्याची रीत आहे. तिच्यासाठी 'गावकुसाबाहेरची' हा शब्द काहींना सुचतो, पण तो मुळीच वापरू नये. गावकुसामागे जातीचा आणि अस्पृश्यतेचा इतिहास आहे, तर अँडीचे दुःख बेकार बापाच्या रिकाम्या खिशाचे आहे, आणि ब्लेनने हात धरला की तिला पलीकडे जाता येते. तसे तिला जाता यावे हा निर्णयही उशिरा झालेला आहे. लेखक जॉन ह्यूज यांच्या मूळ शेवटात अँडी डकीबरोबर राहते, पण प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी-खेळाच्या प्रेक्षकांना तो शेवट रुचला नाही, म्हणून नवा शेवट चित्रित झाला. तोवर ब्लेनची भूमिका करणाऱ्या अँड्र्यू मॅकार्थीने केस कापलेले असल्यामुळे ब्लेन त्या दृश्यांत टोप घालून वावरतो.

राहता राहिला 'प्रॉम'. त्याला 'स्नेहसंमेलन' म्हणू नये, कारण स्नेहसंमेलनात मुले रंगमंचावर असतात आणि पालक खुर्च्यांवर, तर प्रॉमला जोडीदारासह जावे असा संकेत असतो आणि तो न मिळणे हीच नामुष्की ठरते. पहिल्या उल्लेखात 'शाळेच्या अखेरच्या वर्षाचा नृत्यसमारंभ' असा खुलासा करावा आणि नंतर खुशाल 'प्रॉम' लिहावे.